सात नंबर

स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन अक्षरं लुकलुकायला लागली
शनिवारी, दुसरी पाळी सुटताना.
बॅट.
आप्पासो म्हणाले, मंगळवारी बघू की वैजे,
सोमवार सुट्टीचाच आहे.
ते गेले जेवायला. मला दोन रात्री झोप नाही.

कारण ह्या लेथची आठवण
टॉर्चमधल्या जाड्या सेलवर आहे. तीनच सेल.
मेन स्विच पाडला की मोटार थांबते, कूलंटची धार तुटते,
पडदा काळा होतो,
आणि आत, हिरव्या पाटीवर,
जोडीजोडीनं उभी राहतात बारकी दारं:
एक उघडं म्हणून दुसरं मिटलेलं,
दुसरं मिटलेलं म्हणून पहिलं उघडं.
त्यांना मुंगीच्या घोटाएवढा करंट पुरतो,
पण घोट तुटता कामा नये.
तुटला की दारं वाटेल तशी उघडी-झाकी,
आणि सकाळी मशीनला आपलं नावगाव सांगता येत नाही.

शिरोलीतल्या नव्या मशिनांचं तसं नाही.
तिथं एकेका कप्प्यात वीजच कोंडून ठेवतात, काचेसारख्या भिंतीआड.
सेल लागत नाही, वर्षानुवर्षं बसून राहते म्हणे.
फक्त दर वेळी कोंडताना आणि सोडताना
भिंत जराशी झिजते,
असं सर्व्हिसवाला सांगत होता, बशीत चहा ओतत,
शेजारच्या घरातलं काही सांगावं तसं.

रसूलचाचा तिकडंच गेले, दिवाळीनंतर.
चार हजार जास्त. आप्पासोंशी बोलणं नाही.
जाताना मला म्हणाले ते एवढंच:
सेल बदलायचं ते मशीन चालू ठिवून.
ते जागं असतानाच बदलायचं, झोपल्यावर हात लावायचा न्हाई.

त्यांचे आकडे अजून आत आहेत.
एक नंबरला उणे बारा मायक्रॉन, चारला अधिक आठ,
आणि सात नंबरच्या बोरिंग बारला
उणे सदतीस.
का सदतीस, कुणाला ठाऊक नाही.
मी एकदा शून्य करून बघितलं. अकरा बुशी कापल्या,
अकराही भंगारात.
मग गुपचूप फोन केला, नाल्याकडंला उभी राहून.

आगं, पुरात, म्हणाले.
जयंती नाला आत आला तवा
पाणी चकच्या खाली दोन वीत थांबलं.
सा दिवस लाईट न्हाई.
वसारल्यावर परत बसवलं, पर मागचा डावा पाय
काय केल्या बसंना. वरनं आर्डर अडकल्याली.
मग तेवढं सातात घातलं.
मागं कुठंतरी कास्टिंग आपटल्याचा आवाज आला.
आप्पासो बरं हाईत न्हवं?
हो म्हटलं.

सहा दिवस.
बाहेर लक्ष्मीपुरीत होड्या फिरत होत्या,
आणि गुडघाभर चिखलाच्या वर ह्या पत्र्याच्या पेटीत
तीन सेल एकटे
बाराला बारा म्हणत बसले होते.
सदतीस तेव्हा नव्हताच,
तो त्यांना नंतर सांगितला.

मंगळवारी सातला शटर उघडलं.
स्विच चढवताना बोट थरथरलं, खोटं कशाला सांगू.
पडदा उजळायला चहाचा कप रिकामा होईल एवढा वेळ लागला.
बारा. आठ. सदतीस.
तरी आधी वहीत उतरून घेतले सगळे,
पेन्सिलीनं, तेलकट बोटांनी,
मग मशीन चालू ठेवून झाकण उघडलं
आणि जुने काढून नवे घातले.
तीन अक्षरं विझली. एवढंच झालं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत,
आप्पासोंनी विचारलं, सेल केवढ्याला पडले?

जुने टाकवेनात.
टॉर्चमध्ये घालून बघितले तर उजेड पडला,
हळदीच्या पाण्यासारखा.
तो घेऊन पालथी झाले, मशीनच्या मागं, डाव्या पायाशी.
पायाखाली पत्र्याची एक चकती सरकवलेली,
तिच्यावर वाळून तडकलेला गाळ,
आणि गाळात बोटाचा एक ठसा.